श्रीलंकेला जाऊन आलेल्या आमच्या माजी सैनिकांना खुलं पत्र

राम राम आणि जय हिंद.

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी भागातल्या सगळ्या माजी सैनिकांना हे पत्र आहे, पण खरं सांगायचं तर 1987 ते 1990 मध्ये शांती सेनेतून श्रीलंकेला गेलेल्या सुभेदार साहेबांना, हवालदार काकांना, नाईक मामांना जास्त आहे. मी खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मास्तर आहे. तुमची आमची भेट 15 ऑगस्टला आणि 26 जानेवारीला होते, तुम्ही मेडलं लावून येता, झेंडावंदन होतं, दोन शब्द बोलता, पोरं टाळ्या वाजवतात आणि बिस्कीट घेऊन घरी जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही एकदा कामाच्या दिवशी या, निवांत बसा आणि श्रीलंकेतल्या पोरांबद्दल आमच्या पोरांशी बोला. लढाईबद्दल नको, पोरांबद्दल.

1922 पासून मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावात आहे, आपल्याकडं काही गावांत घरटी एक माणूस फौजेत आहे, त्यामुळं फौजेच्या गोष्टी ऐकतच पोरं मोठी होतात. कारगिलचं सांगतात, सियाचीनचं सांगतात, काश्मीरचं सांगतात. श्रीलंका म्हटलं की मात्र विषय बदलतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. मला त्याचं कारण थोडंफार कळतं. जवळपास 1200 जवान तिथं कामी आले, मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, आणि मार्च 1990 ला शेवटची तुकडी परत आली तेव्हा देशाला काय बोलावं तेच कळत नव्हतं. ज्या तमिळ लोकांच्या रक्षणाला म्हणून गेलात त्यांच्यातल्याच वाघांनी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या लिट्टे संघटनेनं, तुमच्यावर सुरुंग लावले. आणि दुसरी बाजूही आहे. 21 ऑक्टोबर 1987 ला उत्तरेतल्या जाफना शहराच्या हॉस्पिटलात पेशंट, डॉक्टर, नर्सेस मारले गेले, ते आपल्या फौजेच्या गोळीबारात गेले असं तिथले लोक सांगतात आणि ती तारीख अजून दरवर्षी पाळतात. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, तुमच्यातले बहुतेकजण तेव्हा वीस-बावीस वर्षांचे होता, हुकुमाचे ताबेदार होता. पण हे गाळून बाकीचं सांगा असं म्हणणंही मला बरोबर वाटत नाही.

माझे सख्खे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, जाफनाच्या बाजूला होते, आता ते नाहीत. एकदा सुगीच्या दिवसांत रात्री खळ्यावर राखणीला बसलो होतो तेव्हा ते आपणहून बोलले, मी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या पोस्टवरनं रोज सकाळी एक पोरगा शाळेला जायचा, आठ-नऊ वर्षांचा, पांढरा शर्ट आणि निळी चड्डी. पोस्टवर सगळ्यांचंच सामान तपासायचे, तसं त्याचं दप्तरही तपासायचे. आत तमिळमधल्या वह्या असायच्या, एक शिसपेन्सिल, आणि डब्यात तांदळाचं वाफवलेलं कायतरी आणि खोबऱ्याची चटणी. मामा म्हणाले, चार दिवसांनी त्याला सांगायलाच लागेना, तो लांबनंच दप्तर उघडून दोन्ही हातांनी पुढं धरून चालत यायचा. चेहऱ्यावर काहीच नाही, भीती नाही की राग नाही, जसं आपलं पोरगं चप्पल काढून देवळात जातंय तसं. पुढं एक दिवस तो यायचा बंद झाला. का, ते मामांना कधीच कळलं नाही. पुढं पेन्शनीवर घरी आल्यावर नातवाचं दप्तर आवरताना त्यांना ते आठवायचं म्हणे.

तेव्हापासून मी हे सगळं वाचायला लागलो, आणि वाचताना प्रत्येक वेळी त्या पोराचं वय मोजायचो. तो असेल तर आज पंचेचाळिशी ओलांडलेला बाप्या असेल. त्याच्या वयाच्या पोरांच्या वाट्याला काय काय आलं बघा.

तुम्ही परत यायच्या सुमारास तिथं तमिळ नॅशनल आर्मी म्हणून एक फौज उभी करायचं चाललं होतं, त्यासाठी पोरं रस्त्यावरनं उचलली गेली, त्यात शाळकरीसुद्धा होती, आणि त्या सगळ्याला आपला पाठिंबा होता. तुम्ही निघालात आणि त्या पोरांना लिट्टेनं गाठलं. मग ऑक्टोबर 1990 मध्ये लिट्टेनं उत्तरेतल्या मुसलमानांना घरंदारं सोडून जायला लावलं, 70 हजारांच्या वर माणसं, त्यातली कितीतरी पोरं पुत्तलमच्या कॅम्पात वाढली आणि तिथंच त्यांची लग्नं होऊन त्यांना पोरं झाली. 1995 ला जाफना शहर एका रात्रीत रिकामं झालं, चार-पाच लाख लोक पावसात चालत निघाले. सिंहली पोरांचंही तेच, 2 जून 1987 ला अरंतलावाला लिट्टेनं बस अडवून 30 च्या वर बौद्ध भिक्षू मारले, त्यातले बरेचसे पोरवयाचे होते. म्हणजे कुठल्याही बाजूनं बघितलं तरी पोरं आहेतच.

2002 ला शस्त्रसंधी झाली, लोकांना वाटलं संपलं. 2004 ला त्सुनामी आली, 2006 ला परत लढाई पेटली. शेवटी शेवटी लिट्टेनं घरटी एक पोर द्यायचा नियम केला. आईबापांनी काय केलं माहीत आहे का, अंगणात खड्डे खणून पोरांना त्यात लपवलं, वर फळ्या टाकल्या, पंधरा-सोळाच्या पोरींची घाईघाईनं लग्नं लावली कारण लग्न झालेल्यांना सोडत होते, निदान सुरुवातीला तरी. एवढं करूनही पोरं गेली. जानेवारी ते मे 2009 मध्ये लाखो लोक मुल्लैत्तीवूच्या किनाऱ्यावरच्या एका चिंचोळ्या पट्टीत अडकले, एका बाजूनं सरकारी तोफा, दुसऱ्या बाजूनं पळून जाणाऱ्यांवर लिट्टेच्या गोळ्या. त्या शेवटच्या काळात 40 हजारांपर्यंत सामान्य माणसं गेली असावीत असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं 2011 ला म्हटलं. श्रीलंका सरकारला तो आकडा मान्य नाही.

हे झालं युद्धाचं. पण मला तुमच्याकडनं पोरांना जे कळायला हवंय ते त्याच्या पुढचं आहे, कारण पिक्चरमध्ये युद्ध संपलं की पिक्चर संपतं आणि आमची पोरं तेवढंच बघतात.

मे 2009 ला युद्ध संपलं तेव्हा पावणेतीन-तीन लाख लोक तारेच्या कुंपणात होते. वावुनियाजवळ मेनिक फार्म म्हणून कॅम्प होता, तंबूत शाळा भरायच्या, आणि तो कॅम्प पूर्ण बंद व्हायला सप्टेंबर 2012 उजाडला. लिट्टेकडनं आलेली 594 पोरं वेगळी काढली, 12 ते 18 वयाची, युनिसेफच्या मदतीनं त्यांना शाळेत घातलं, त्यातल्या बऱ्याच जणांना कोलंबोजवळच्या रत्मलानाच्या हिंदू कॉलेजात. त्यांना तुरुंगात न टाकता शाळेत टाकलं ही मला त्या सरकारची खरंच चांगली गोष्ट वाटते. पण वर्षभरानं घरी गेल्यावर काय, गावात काहीजण म्हणायचे हा बंदूकवाला, काहीजण म्हणायचे हा सरकारला फुटलेला, आणि दाराशी साध्या कपड्यातले पोलीस चौकशीला यायचे. एक सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला जबरदस्तीनं नेलं होतं, त्याला दोन्हीकडनं शिक्षा.

जी पोरं परत गावी गेली त्यांच्या शेतात सुरुंग होते. लाल बोर्डवर कवटी, आणि त्या बोर्डच्या पलीकडं जळणाची लाकडं आणि भंगारात विकता येणारं लोखंड. शाळेतनं पोरांना शिकवायला लागायचं की असली वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, आल्या वाटेनं परत जायचं आणि मोठ्यांना सांगायचं. सुरुंग काढायच्या कामावर तिथल्या विधवा बायकाही आहेत, गुडघ्यावर बसून वीत-वीत जमीन खुरपतात, त्या पगारावर पोरांच्या शिक्षणाचा खर्च भागवतात. श्रीलंका डिसेंबर 2017 ला सुरुंगबंदीच्या करारात सामील झाली आणि सगळी जमीन साफ करायची मुदत 2028 ची आहे. म्हणजे युद्ध संपलं त्या वर्षी जन्मलेलं पोर एकोणीस वर्षांचं होईल तेव्हा.

उत्तर आणि पूर्व भागात मिळून 89 हजार युद्धविधवा आहेत असा सरकारी आकडा 2010 ला आला होता. एकट्या बाईच्या घरात पोर कसं वाढतं ते आपल्या गावातही दिसतं, तिथं तर गल्लीच्या गल्ल्या अशा. कर्जं घेतली, मायक्रोफायनान्सवाले हप्त्याला दारात, मोठ्या पोराची शाळा सुटली. बऱ्याच पोरांना आई असताना बालगृहात ठेवायची वेळ आली, खायला घालता येत नाही म्हणून. आणि ज्यांचा बाप मेलाय की जिवंत आहे हेच माहीत नाही त्यांचं काय सांगू. शेवटच्या दिवसांत ज्यांना लष्कराच्या ताब्यात दिलं त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. किलिनोच्चीला त्यांच्या आया फेब्रुवारी 2017 पासून रस्त्याकडेला फोटो घेऊन आंदोलनाला बसल्या. नुकसानभरपाई पाहिजे तर मृत्यूचा दाखला घ्या असं आधी सांगायचे, आणि कुठली आई तो दाखला घेईल हो, घेतला तर नवऱ्याला, पोराला आपणच मारल्यासारखं. शेवटी 2016 ला कायदा करून बेपत्ता असल्याचा दाखला द्यायची सोय केली. त्या घरातलं पोर शाळेच्या फॉर्मवर बापाच्या रकान्यात काय लिहीत असेल हे मास्तर म्हणून माझ्या डोक्यातनं जात नाही.

जाफनाचे मानसोपचारतज्ज्ञ दया सोमसुंदरम यांनी ऐन युद्धात तिथं पेशंट तपासले. त्यांचं सांगणं असं की घाव एकेकट्या माणसाला नसतो, तो कुटुंबाला आणि गावाला बसतो, माणसं एकमेकांवर विश्वास ठेवायचं सोडतात, बोलायचं सोडतात. शाळकरी पोरांवर जे अभ्यास झाले त्यातही दिसलं की ज्या घरात युद्धाचा मार जास्त, बाप दारूत, तिथं पोरांना घरातही मार जास्त. युद्ध रस्त्यावरनं उठतं आणि स्वयंपाकघरात येऊन बसतं. हे तुमच्याइतकं कुणाला कळणार, तुमच्यातल्या काहींच्या घरात रात्री काय व्हायचं ते तुमच्या बायकापोरांनी सोसलंय, त्यावर आपण गावात कधी बोलत नाही.

आणि एक गोष्ट, ती मला सगळ्यात जास्त लागली. त्या शेवटच्या पट्टीत खायला काही उरलं नव्हतं, तांदूळ, पाणी आणि असलंच तर मीठ घालून कांजी करायचे, आपल्याकडं भाताची पेज करतात तशीच, फक्त पाणीच जास्त. आता दर मे महिन्यात 18 तारखेच्या आसपास तमिळ लोक रस्त्यावर मोठी पातेली लावून ती कांजी वाटतात, करवंटीत घालून देतात, आणि युद्धानंतर जन्मलेली पोरं ती पितात. 2024 ला कांजी वाटली म्हणून पूर्वेकडं काही बायकांना पोलिसांनी अटक केली होती. घरात कुणी काही सांगत नाही, पुस्तकात काही नाही, आणि वर्षातनं एकदा हातात कांजी येते. पोरांना कायतरी कळतंच, पण काय कळतं ते कोण बघतंय? सिंहली पोरं तोच आठवडा विजयाचा म्हणून बघतात, फौजेचे कार्यक्रम बघतात. दोघांच्या शाळा बहुतेक वेगळ्या, माध्यम वेगळं, शाळा शिकून बाहेर पडतात आणि बऱ्याच जणांना एकमेकांशी बोलायला भाषा नसते. चांगलंही झालंय की, 1981 ला जाळलेली जाफनाची लायब्ररी, 97 हजार पुस्तकांची, ती परत बांधली आणि उघडली, 2014 ला जाफनाची रेल्वे परत सुरू झाली, आपल्या देशानं 50 हजार घरांची योजना घेतली. पण युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी ही दोन पोरं एका बाकावर बसलेली नाहीत.

आता हे मी तुम्हालाच का सांगतोय. कारण तिथली सुरुवात भाषेपासनं झाली. 1956 ला तिथं सिंहली हीच एकमेव सरकारी भाषा असा कायदा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला. पुढं सत्तरच्या दशकात कॉलेजच्या ऍडमिशनला तमिळ पोरांना जास्त मार्क लागतील असे नियम केले, पोरं चिडली, आणि त्या चिडलेल्या पोरांच्या हातात नंतर बंदुका आल्या. मी दोन्हीकडचं सारखंच आहे असं अजिबात म्हणत नाही. आपला प्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, आपण मतदान करतो, मोर्चे काढतो, आणि मराठी माणसाला सातबारापासून बोर्डापर्यंत मराठीत कागद मिळावा ही मागणी माझीही आहे, ती मी सोडणार नाही. पण 1986 ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात इथंही गोळीबार झाला, माणसं गेली. 2014 ला येळ्ळूर गावातल्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरनं लाठीमार झाला, तेव्हा जी पोरं बालवाडीत, पहिली-दुसरीत होती ती आज पहाटे पाचला रस्त्यावर 1600 मीटर पळतायत, भरतीसाठी. 1 नोव्हेंबरला त्यांच्या एका हाताला मराठी लोकांचा काळा दिन आणि दुसऱ्या हाताला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो. फेब्रुवारी 2025 ला बस कंडक्टरच्या मारहाणीवरनं दोन्ही राज्यांमधल्या एसट्या बंद झाल्या, तेव्हा आमच्या दहावीच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला काय काय होतं ते मी वाचलंय. रक्त, तलवार, कापून काढू, दोन्ही भाषांत. ज्यानं लिहिलं तो पोरगा वर्गात पुढच्या बाकावर बसतो आणि कुणाची पेन्सिल हरवली तर आपली मोडून अर्धी देतो. त्याला वाईट म्हणून मी हात झटकू शकत नाही. त्यानं कापून काढणं बघितलेलंच नाही.

तुम्ही बघितलंय. अख्ख्या सीमाभागात भाषेच्या भांडणाचं टोक काय असतं हे डोळ्यांनी बघितलेली माणसं फक्त तुम्हीच आहात. पुढाऱ्यांनी बघितलेलं नाही, ना मराठीच्या ना कन्नडच्या, पत्रकारांनी बघितलेलं नाही, मी तर फक्त वाचलंय. मी वर्गात सांगितलं तर पोरं ऐकून घेतात, मास्तर सांगतोय म्हणून. तुम्ही सांगितलं तर ऐकतील, कारण त्यांना तुमच्यासारखं व्हायचंय.

म्हणून मागणी अशी. आमची शनिवारची शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते, त्यानंतर पाचवी ते सातवीची पोरं थांबतात आणि हायस्कूलचीही येतील असं मी बोलून ठेवलंय. भाषण नको, माइक नको, मेडलं घरी ठेवली तरी चालतील. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, जे सांगवत नाही ते सांगू नका, पण एखादं पोर तुमच्या लक्षात राहिलेलं असेलच, तेवढं सांगा. आणि माजी सैनिक संघटनांना वेगळी विनंती, गावोगावच्या भरती अकादमीत तुमचा शब्द चालतो, तिथं पळायच्या प्रॅक्टिसनंतर पंधरा मिनिटं याच विषयाला द्या. पुढच्या वेळी कुठल्याही भाषेच्या मोर्चात शाळेच्या ड्रेसमधली पोरं पुढं उभी केलेली दिसली तर तुम्ही जाऊन त्यांना बाजूला घ्या, तुम्हाला कुणी अडवणार नाही, मला अडवतील.

शेजारच्या कन्नड शाळेच्या हेडमास्तरांशी मी बोललोय. ते त्यांच्या पोरांना घेऊन यायला तयार आहेत, फक्त त्यांचं म्हणणं एकच होतं की बोलणाऱ्यांपैकी एकाला तरी चांगलं कन्नड यावं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना येतंय हे मला माहीत आहे, आणि कन्नड घरातले माजी सैनिकही तालुक्यात आहेत, त्यांना बरोबर आणा. भात कापणीच्या आधीचा कुठलाही शनिवार चालेल, नंतर निम्मी पोरं शेतात असतात. आदल्या दिवशी निरोप दिला तरी पुरे, चहाचं मी बघतो.

तुमचा,
खानापूर तालुक्यातला एक मास्तर